पाठवण्याआधी मेल तपासणारं ॲड-इन: आउटलुकसाठी पहिल्यापासून वितरणापर्यंत

"सोबत यादी जोडली आहे" असं लिहायचं आणि यादी न जोडताच मेल पाठवून द्यायचा, हे कुठल्याही ऑफिसात घडतं. मग मागाहून "क्षमस्व, आता जोडतो आहे" असा दुसरा मेल जातो. ॲड-इन, म्हणजे आउटलुकला जोडता येणारा छोटा प्रोग्राम, कसं लिहायचं हे शिकायला मला हाच प्रसंग सगळ्यात सोयीचा वाटतो. नियम एका वाक्यात सांगून होतो, पण तो खरोखर चालवायला बसलं की मॅनिफेस्ट (ॲड-इनची माहिती देणारी फाइल), इव्हेंट, परवानग्या, वेगवेगळे रनटाइम (कोड जिथे चालतो ती व्यवस्था) असं सगळंच हाताखालून जातं. आउटलुकमध्ये अशी आठवण करून देण्याची सोय मुळात आहेच, पण ती आपल्या नियमांनी चालत नाही. शिवाय सांगाडा एकदा उभा राहिला की त्यात "विषय रिकामा आहे" किंवा "बाहेरच्या पत्त्यावर अंतर्गत फाइल चालली आहे" असले दुसरे नियमही बसवता येतात.

वाचणाऱ्याला जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येतं असं मी धरून चाललो आहे. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची.

आधी जात ठरवा

ऑफिसच्या ॲड-इनच्या तीन पिढ्या आजही भेटतात. ऑफिस २००० पासून कॉम ॲड-इन आहेत. ती थेट आउटलुकच्या प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे त्यांना जवळजवळ काहीही करता येतं आणि ती कोसळली तर आउटलुकलाही घेऊन कोसळतात. त्यानंतर आलेलं व्हीएसटीओ म्हणजे तेच काम डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये बसून करायची सोय. तिसरी पिढी वेब ॲड-इनची, ऑफिस २०१३ पासूनची. यात एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि मायक्रोसॉफ्टची ऑफिस डॉट जेएस ही लायब्ररी लागते.

आज नव्याने लिहिणार असाल तर निवड करण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. विंडोजसाठीचं नवं आउटलुक कॉम आणि व्हीएसटीओ ॲड-इन चालवतच नाही. मॅकवर आणि ब्राउझरमध्ये ती कधीच चालत नव्हती. मेल साठवणाऱ्या, संगणकावरच्या पीएसटी फाइलींमध्ये खोलवर हात घालायचा असेल तर अजूनही व्हीएसटीओकडेच जावं लागतं, पण मग ते क्लासिक, म्हणजे विंडोजवरच्या जुन्या, आउटलुकबरोबरच निवृत्त होणार हे धरून चाला. बाकी सगळ्यांनी वेब.

वेब ॲड-इनचे भाग दोनच: मॅनिफेस्ट नावाची एक छोटी फाइल आणि कुठेतरी होस्ट केलेली वेबसाइट. वापरणाऱ्याच्या संगणकावर आपला कोड बसत नाही, बसते ती फक्त "हे पान इथे आहे, बटण इथे दाखव, या वेळी हे फंक्शन चालव" अशी माहिती. त्यामुळे सर्व्हरवर चूक दुरुस्त केली की ती सगळ्यांकडे पोचते. सर्व्हर बंद पडला तर तेही सगळ्यांकडे पोचतं.

कुठे चालणार, कुठे नाही

ही पायरी लोक गाळतात आणि मग वितरणाच्या दिवशी अडकतात. ऑफिस डॉट जेएसमधलं प्रत्येक फंक्शन एखाद्या रिक्वायरमेंट सेटचा, म्हणजे ठरावीक आवृत्तीपासून मिळणाऱ्या फंक्शनांच्या संचाचा, भाग असतं. आउटलुकसाठी हे संच 'मेलबॉक्स १.१' पासून सुरू होऊन वाढत गेले आहेत. आपल्याला काय लागणार ते आधीच मांडून ठेवू. मेल लिहिताना जोडलेल्या फाइलींची यादी मिळवायला १.८, मेल उघडा असेपर्यंत तात्पुरती नोंद ठेवणाऱ्या सेशनडेटाला १.११, आणि 'सेंड' दाबल्यावर मध्ये थांबवणाऱ्या ऑनमेसेजसेंड इव्हेंटला १.१२. यातला सगळ्यात मोठा आकडा १.१२, म्हणजे आपली किमान अट तीच.

एवढ्यावरून बऱ्याच गोष्टी ठरून जातात. ब्राउझरमधलं आउटलुक, विंडोजचं नवं आउटलुक, क्लासिक आउटलुकच्या अलीकडच्या आवृत्त्या आणि मॅक हे आत. मोबाइलवरचं आउटलुक बाहेर, कारण ऑनमेसेजसेंड तिथे चालत नाही. तेव्हा फोनवरून पाठवलेला मेल आपल्या तपासणीतून निसटणार. हे ॲड-इन म्हणजे सुरक्षेची भिंत आहे असं कुणाला सांगू नका. ती आठवण आहे. खरोखर अडवायचंच असेल तर ते काम मेल सर्व्हरवरच्या नियमांचं.

आणखी एक गोष्ट, जी ग्राहकाला पहिल्याच भेटीत विचारायला हवी: मेलबॉक्स कुठला आहे? आउटलुकची वेब ॲड-इन एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर), त्याचं क्लाउडमधलं रूप एक्सचेंज ऑनलाइन किंवा आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांवर चालतात. त्याच आउटलुकमध्ये आयमॅप किंवा पॉप या सर्वसाधारण मेल-पद्धतींनी जोडलेलं खातं असेल तर त्या खात्यावर ॲड-इन उठत नाही, आणि काही चुकल्याचा संदेशही दिसत नाही. बटण गायब असतं, इतकंच. सामायिक मेलबॉक्समध्ये चालायला हवं असेल तर तसं मॅनिफेस्टमध्ये वेगळं लिहावं लागतं.

प्रोजेक्ट उभा करणं

नोड जेएसची एलटीएस आवृत्ती बसवा. मग एनपीएममधून प्रोजेक्टचा सांगाडा तयार करून देणारी 'यो' आणि 'जनरेटर-ऑफिस' ही दोन पॅकेज ग्लोबल घ्या आणि रिकाम्या फोल्डरमध्ये 'यो ऑफिस' ही आज्ञा चालवा. प्रश्नांना उत्तरं द्या: टास्क पेन (बाजूला उघडणारी पट्टी) प्रोजेक्ट, जावास्क्रिप्ट, आउटलुक. पुढे मॅनिफेस्टचा प्रकार विचारला जातो. जुना एक्सएमएल प्रकार आणि टीम्सबरोबर सामायिक असलेला नवा जेसन प्रकार असे दोन पर्याय आहेत. मायक्रोसॉफ्टचा कल जेसनकडे आहे, पण शिकताना मी एक्सएमएल घ्या असं सांगेन. त्यावरची उदाहरणं आणि अडचणींची उत्तरं कितीतरी जास्त सापडतात, आणि पुढे त्याचं रूपांतर करता येतं.

'एनपीएम स्टार्ट' म्हटलं की लोकलहोस्टच्या ३००० पोर्टवर सर्व्हर सुरू होतो. पहिल्यांदा एक प्रमाणपत्र विश्वासार्ह मानू का असं विचारलं जातं. हो म्हणा, कारण ॲड-इनची पानं एचटीटीपीएसवरच असावी लागतात, स्वतःच्या संगणकावरसुद्धा. काम झाल्यावर खिडकी नुसती बंद न करता 'एनपीएम स्टॉप' चालवा, म्हणजे चाचणीसाठी केलेली नोंदणीही निघते.

रिॲक्ट वगैरेचा सांगाडा या कामाला लागत नाही. पुढे मोठं टास्क पेन करणार असाल तर एक माहीत असू द्या: ऑफिस डॉट जेएस ब्राउझरच्या हिस्टरीमधली पुशस्टेट आणि रिप्लेसस्टेट ही फंक्शनं काढून टाकतं, त्यामुळे त्यांच्यावर अवलंबून असलेले राउटर मोडतात. हॅश राउटर वापरला की प्रश्न मिटतो. अलर्ट, कन्फर्म, प्रॉम्प्ट यांचाही भरवसा धरू नका. काही विचारायचं असेल तर डिस्प्लेडायलॉगअसिंक.

मॅनिफेस्ट

या फाइलीत चार गोष्टींकडे लक्ष द्या, बाकी सांगाड्याने भरलेलंच असतं.

पहिली, ओळखक्रमांक. तो एकदा तयार झाला की बदलायचा नाही. बदलला तर आउटलुकच्या दृष्टीने ते वेगळं ॲड-इन होतं.

दुसरी, परवानगी. पायऱ्या चार आहेत: मर्यादित, आयटम वाचणं, आयटम वाचणं-लिहिणं आणि संपूर्ण मेलबॉक्स वाचणं-लिहिणं. आपल्याला मजकूर नुसता वाचायचा आहे, पण सेशनडेटात नोंद ठेवायची असल्याने तिसरी पायरी लागते. चौथी "असू द्या, पुढे लागेल" म्हणून घेऊ नका. प्रशासक मंजुरी देताना सगळ्यात आधी हीच ओळ वाचतो, आणि वाचायलाच हवी.

तिसरी गोष्ट इव्हेंटची. एक्सएमएलमध्ये इव्हेंट लिहायची जागा व्हर्जनओव्हरराइड्सच्या आतल्या, १.१ आवृत्तीच्या भागात असते. तिथे दोन नोंदी करा: ऑनन्यूमेसेजकंपोज आणि ऑनमेसेजसेंड. प्रत्येकीत आपल्या फंक्शनचं नाव येतं. दुसऱ्या नोंदीत सेंडमोड हा गुणधर्मही येतो, त्याविषयी पुढे सविस्तर. एक्सएमएल घटकांचा क्रम ठरलेला आहे. मजकूर बरोबर असूनही क्रम चुकला तर फाइल नाकारली जाते, म्हणून प्रत्येक बदलानंतर 'एनपीएम रन व्हॅलिडेट' चालवायची सवय लावून घ्या.

चौथी, रनटाइम. इथे एचटीएमएल पानाचा पत्ता द्यायचा असतो आणि त्याच्याच आत, क्लासिक आउटलुकसाठी, एका जावास्क्रिप्ट फाइलीचा वेगळा पत्ता. हे असं दुहेरी का?

एकच कोड, दोन रनटाइम

ब्राउझरमधलं आउटलुक, नवं आउटलुक आणि मॅक हे आपलं इव्हेंटचं फंक्शन खऱ्याखुऱ्या वेब पानात चालवतात. क्लासिक आउटलुक मात्र त्यासाठी नुसतं जावास्क्रिप्ट इंजिन उघडतं. तिथे पान नाही, डॉम नाही, विंडो नाही. डॉमपार्सर वापरून एचटीएमएल सोलायला गेलात की क्लासिकमध्ये फंक्शन आवाज न करता मरतं, आणि इतरत्र सगळं सुरळीत दिसत राहतं.

तिथले बाकीचे नियमही याच्यातूनच येतात. कोड एकाच फाइलीत बांधलेला हवा, इम्पोर्ट चालत नाही. ऑफिस डॉट ऑनरेडीमध्ये लिहिलेली सुरुवातीची तयारी क्लासिकमध्ये इव्हेंटच्या वेळी चालवलीच जात नाही, म्हणून ती त्या त्या फंक्शनच्या आत आणा. क्लासिकच्या जुन्या आवृत्त्यांना जावास्क्रिप्टमधली २०१६ नंतरची भर कळत नाही, म्हणजे असिंक-अवेट टाळून कॉलबॅकवर राहा किंवा बेबलकडून कोड जुन्या रूपात आणून घ्या. फाइलीच्या शेवटी ऑफिस डॉट ॲक्शन्स डॉट असोशिएट या फंक्शनने मॅनिफेस्टमधलं नाव आणि कोडमधलं फंक्शन यांची गाठ घालावी लागते. नावातलं एखादं अक्षर लहान-मोठं झालं तरी ही गाठ बसत नाही.

माझा सल्ला असा की पहिली चाचणी क्लासिकवरच करा. तिथे चाललेलं इतरत्र बहुधा चालतं. उलट बाजूने तसा भरवसा देता येत नाही.

वाचताना एक, लिहिताना दुसरं

मेल वाचत असताना आयटम डॉट सब्जेक्ट ही साधी स्ट्रिंग असते. मेल लिहीत असताना तेच आयटम डॉट सब्जेक्ट ऑब्जेक्ट होतं आणि विषय मिळवायला त्याच्यावरचं गेटअसिंक बोलवावं लागतं. 'टू' आणि 'सीसी'चंही तसंच. फाइलींची यादी वाचताना आयटम डॉट अटॅचमेंट्स या ॲरेत तयार असते, लिहिताना गेटअटॅचमेंट्सअसिंकने मागावी लागते. यामागे कारण आहे: लिहिला जात असलेला मेल क्षणोक्षणी बदलत असतो, म्हणून तो प्रत्येक वेळी नव्याने विचारायचा. आपलं ॲड-इन फक्त लिहितानाच चालणार, तेव्हा सगळीकडे असिंक फंक्शनं.

तपासणीचं फंक्शन

आता मुद्द्याचं काम. "या मजकुरात जोडणीचा उल्लेख आहे का?" एवढंच सांगणारं फंक्शन ऑफिस डॉट जेएसपासून पूर्ण अलग लिहा. आत स्ट्रिंग, बाहेर हो किंवा नाही. मग ते आउटलुक न उघडता नोडमध्ये तपासता येतं, आणि पुढे थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रामला नेता येतं.

इंग्रजी मजकुरासाठीची उदाहरणं जशीच्या तशी उचलली तर इथे पहिली ठेच लागते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दाची सीमा दाखवणारं बॅकस्लॅश-बी हे चिन्ह फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर यांनाच शब्द मानतं. देवनागरी अक्षर आणि मोकळी जागा यांच्यामध्ये त्याला सीमा दिसतच नाही. युनिकोड गुणधर्मांवर आधारलेली नवी चिन्हं यावर उपाय आहेत, पण ती जावास्क्रिप्टमध्ये २०१८ ला आली, म्हणजे पुन्हा क्लासिकची अडचण. साधा मार्ग असा: देवनागरीचा पट्टा, म्हणजे यू+०९०० ते यू+०९७एफ, आणि रोमन अक्षरं व अंक सोडून जे काही आहे तिथे मजकूर तोडा आणि शब्दांची यादी करा. यात एक खोच आहे. दंड आणि दुहेरी दंड ही विरामचिन्हं याच पट्ट्यात, यू+०९६४ आणि यू+०९६५ वर बसलेली आहेत. ती वगळली नाहीत तर वाक्याच्या शेवटचा शब्द दंडासकट उचलला जातो आणि जुळत नाही.

तोडण्याआधी मजकूर एकसारखा करून घ्या. "ॲटॅचमेंट" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड यू+०९७२ हे एकच अक्षर देतात, काही 'अ' आणि त्यावर चंद्र अशी दोन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र वेगळे ठरतात. हे एक अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे जुन्या पद्धतीचा मजकूर भरपूर आहे. बरं, जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ फंक्शन या दोघांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती समतुल्य नाहीत. जोडी सापडली की तिच्या जागी एकच अक्षर घालायचं काम आपणच करायचं. झीरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही अदृश्य चिन्हंही काढून टाका. दिसत नाहीत, पण जोडाक्षरांच्या मधोमध असतात.

मग शब्द कुठले शोधायचे? "जोड" या धातूपासून सुरू होणारं काहीही धरलं तर जोडी, जोडपं, जोडणी, जोडीदार सगळेच पकडले जातात. म्हणून रूपं नेमकी द्या: 'जोडल' ने सुरू होणारे शब्द घेतले की जोडला, जोडली, जोडले, जोडलं, जोडलेल्या असे बहुतेक येतात, त्यात 'जोडत' आणि 'जोडतो', 'जोडते' ही भर घाला. 'जोडून' नको, "दोन्ही वाक्यं जोडून वाचा" यासारख्या वाक्यांत उगाच इशारा येईल. 'ॲटॅच' ने सुरू होणारे शब्द घ्या, रोमनमधलं रूपही घ्या. 'सोबत' एकटा फार ढोबळ आहे. त्याच वाक्यात फाइल, प्रत, यादी, तक्ता, अहवाल, पत्र यांपैकी काही असेल तरच तो मोजा. या शब्दांना प्रत्यय लागतात हे लक्षात ठेवून तिथेही सुरुवात जुळवा, पूर्ण शब्द नको. 'संलग्न' हा शब्द "संलग्न संस्थांची बैठक" असाही येतो, त्यालाही हीच जोडीची अट लावा.

"फाइल अजून जोडलेली नाही, उद्या पाठवतो" या वाक्यावर इशारा येणार. येऊ द्या. नकार ओळखायला गेलात तर फंक्शन चौपट वाढेल, आणि वापरणाऱ्याला एक जादा क्लिक यापलीकडे त्या इशाऱ्याचं नुकसान काहीच नाही.

पंधरा-वीस वाक्यांची एक चाचणी फाइल करा, इशारा हवा असलेली आणि नको असलेली अशी दोन्ही प्रकारची. शब्दांच्या यादीत पुढे कोणीही भर घातली की आधी ती चालवायची.

जुन्या मजकुराचा घोळ

उत्तर देताना खाली जुना मेल चिकटलेला असतो, आणि त्यात हमखास "फाइल जोडली आहे" असतं. अख्खा मजकूर तपासला तर "ठीक आहे, पाहतो" एवढ्या उत्तरावरही इशारा येईल. अशा खोट्या इशाऱ्यांनीच लोक ॲड-इनला वैतागतात.

"फ्रॉम" किंवा रेघ शोधून जुना भाग कापणं हा एक मार्ग, पण ही खूण प्रत्येक मेल सॉफ्टवेअरमध्ये आणि प्रत्येक भाषेत वेगळी. मला यापेक्षा बरा वाटणारा उपाय असा. ऑनन्यूमेसेजकंपोज हा इव्हेंट नवा मेल, उत्तर, सर्वांना उत्तर आणि फॉरवर्ड या चारही वेळी उठतो. तेव्हाच बॉडी डॉट गेटअसिंकने मजकूर साध्या स्वरूपात घ्या आणि त्याची लांबी सेशनडेटात लिहून ठेवा. पाठवताना पुन्हा लांबी मोजा. माणसं वरच्या बाजूला लिहितात, म्हणून फरकाइतकी सुरुवातीची अक्षरं हाच नवा मजकूर. सेशनडेटाची मर्यादा ५०,००० अक्षरांची आहे. आपण एक आकडाच ठेवतो आहोत, त्यामुळे तिकडे बघायची गरज नाही.

मर्यादा माहीत असाव्यात. जुना ड्राफ्ट पुन्हा उघडला तर हा इव्हेंट उठत नाही, म्हणजे नोंद नसते. तेव्हा पूर्ण मजकूर तपासा. कोणी जुन्या मजकुरातलं काही खोडलं किंवा सही बदलली तर लांबी चुकते. फरक ऋण आला तरीही पूर्ण मजकूरच तपासा.

'सेंड' दाबल्यावर

ऑनमेसेजसेंडच्या फंक्शनमधला क्रम असा ठेवा. आधी गेटअटॅचमेंट्सअसिंक. मिळालेल्या यादीतून इजइनलाइन असलेल्या वगळा, कारण सहीतला लोगोसुद्धा त्या यादीत फाइल म्हणून येतो. तो मोजलात तर इशारा कधीच येणार नाही. काही उरलं तर मेल जाऊ द्या. काहीच उरलं नाही तर सेशनडेटातली लांबी आणा, मजकूर आणा, नवा भाग कापा. त्यात एखादी लिंक असेल तरी जाऊ द्या, आजकाल मोठ्या फाइली लिंकनेच जातात. मग आपलं तपासणीचं फंक्शन.

शेवट इव्हेंट डॉट कम्प्लिटेडने करायचा. अलाउइव्हेंट खरं दिलं तर मेल जातो. खोटं दिलं तर सोबत एररमेसेजमध्ये दिलेला मजकूर डायलॉगमध्ये दिसतो. तिथे "त्रुटी आढळली" असलं काही लिहू नका. "मजकुरात जोडलेल्या फाइलीचा उल्लेख आहे, पण फाइल दिसत नाही." एवढं पुरतं.

कम्प्लिटेड कुठल्याही वाटेने गेलं तरी बोलावलं गेलंच पाहिजे. एखादा असिंक कॉल फसला आणि त्या फांदीत तुम्ही ते लिहायचं विसरलात, तर वापरणारा "प्रक्रिया सुरू आहे" हा डायलॉग बघत बसतो. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की तो डायलॉग दिसायला लागतो, आणि एका इव्हेंटला एकूण पाच मिनिटांपर्यंतच मुदत मिळते. म्हणून प्रत्येक कॉलबॅकच्या सुरुवातीला स्टेटस पाहा, आणि काही बिघडलं असेल तर मेल जाऊ द्या. आपल्या चुकीपायी दुसऱ्याचा मेल अडकता कामा नये. सर्व्हरला विचारून मग ठरवायचं, असं या फंक्शनमध्ये शक्यतो काही ठेवू नका.

आता सेंडमोड. पर्याय तीन. प्रॉम्प्टयूजरमध्ये इशारा येतो, पण 'सेंड एनीवे' हे बटण असतं. सॉफ्टब्लॉकमध्ये दुरुस्ती केल्याशिवाय मेल जात नाही, मात्र ॲड-इनच लोड झालं नाही तर जातो. ब्लॉकमध्ये ॲड-इन लोड झालं नाही तरी मेल अडतो. विसरलेल्या फाइलीसाठी प्रॉम्प्टयूजर सोडून काहीही म्हणजे दांडगाई. ब्लॉक निवडायचा तर आपला सर्व्हर पडला की सगळ्या ऑफिसचे मेल थांबतील ही जबाबदारी कोण घेणार ते आधी लेखी ठरवा.

चाचणी आणि हुडकणं

ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये नेहमीची डेव्हलपर टूल्स चालतात. नव्या आउटलुकची 'ओएलके' ही फाइल 'डेव्हटूल्स' हा स्विच देऊन उघडली की तीच खिडकी तिथेही मिळते. क्लासिकमध्ये 'ऑफिस-ॲडइन-डेव्ह-सेटिंग्ज' या पॅकेजमधून रनटाइम लॉग सुरू करा. मॅनिफेस्टमधल्या बऱ्याच चुका तिथेच पहिल्यांदा कळतात.

कोड बदलला तरी जुनंच वागणं दिसतंय? आधी कॅशवर संशय घ्या. विंडोजवर लोकल ॲपडेटाच्या खाली मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १६.० आणि त्यात 'वेफ' नावाचं फोल्डर असतं. आउटलुक बंद करून ते रिकामं करा. मॅनिफेस्ट बदललं असेल तर ॲड-इन काढून पुन्हा घाला.

प्रत्येक प्लॅटफॉर्मवर निदान एवढं तपासा: नवा मेल, उत्तर, फॉरवर्ड, ड्राफ्टमधून उघडलेला मेल, सहीत लोगो असलेला आणि नसलेला मेल, आणि नेटवर्क तोडून 'सेंड'.

जुने धडे वाचताना

आपल्या ॲड-इनला लॉगिन लागत नाही. पुढे कॅलेंडर किंवा इतर मेल वाचायचे झाले तर मायक्रोसॉफ्ट ग्राफ ही एपीआय लागेल, आणि त्यासाठी एमसॅल या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन लायब्ररीतून नेस्टेड ॲप ऑथेंटिकेशन. इंटरनेटवरचे बरेच धडे अजून गेटकॉलबॅकटोकनअसिंक शिकवतात. एक्सचेंज ऑनलाइनमध्ये त्यातून मिळणारे जुने टोकन २०२५ मध्ये बंद केले गेले. ईडब्ल्यूएस (एक्सचेंजशी बोलायची जुनी एपीआय) बंद करणार असल्याची घोषणाही २०२३ मध्येच झाली आहे, त्यावर नवं काही उभारू नका. वापरणाऱ्याच्या पसंती ठेवायला रोमिंगसेटिंग्ज आहे, मर्यादा ३२ केबी. एखाद्या मेलला चिकटलेली माहिती ठेवायला कस्टम प्रॉपर्टीज, मर्यादा २,५०० अक्षरं. मेलमधला मजकूर दोन्हींकडे ठेवू नका.

वितरण

वेबसाइट कुठल्याही एचटीटीपीएस होस्टवर ठेवा, स्थिर फाइली आहेत. मॅनिफेस्टमधला प्रत्येक लोकलहोस्ट बदलला का ते शोधून पाहा. आयकॉनचा पत्ता हमखास राहून जातो. रिबनसाठी १६, ३२ आणि ८० पिक्सेलचे आयकॉन लागतात. सर्व्हरने त्यांच्यावर नो-कॅश किंवा नो-स्टोअरचा हेडर लावला तर ते दिसत नाहीत. ऑफिस डॉट जेएस स्वतःच्या सर्व्हरवर न ठेवता मायक्रोसॉफ्टच्या सीडीएनवरूनच घ्या. स्टोअरमध्ये द्यायचं असेल तर ही अटच आहे.

एकाच संस्थेसाठी असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲडमिन सेंटरमध्ये 'इंटिग्रेटेड ॲप्स' इथे प्रशासक मॅनिफेस्ट चढवतो आणि कोणाला द्यायचं ते निवडतो. सगळ्यांकडे दिसायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून "आलं नाही" अशा निरोपांवर लगेच धावू नका. आधी पाच-सहा जणांच्या गटाला द्या, खोट्या इशाऱ्यांची वाक्यं त्यांच्याकडून गोळा करून चाचणी फाइलीत घाला, मग सगळ्यांना. सार्वजनिक स्टोअरमध्ये ब्लॉक पर्याय वापरणारं ॲड-इन देता येत नाही, इतर दोन चालतात.

पुढच्या बदलांचे दोन प्रकार आहेत. शब्दांची यादी सुधारली तर फाइल सर्व्हरवर ठेवली की झालं. मॅनिफेस्टमध्ये नवा इव्हेंट किंवा वाढीव परवानगी आली तर आवृत्ती क्रमांक वाढवून प्रशासकाची मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. म्हणून पुढच्या सहा महिन्यांत लागतील असे इव्हेंट पहिल्याच वेळी विचारात घ्या. परवानगीची पायरी मात्र तशी आगाऊ वाढवू नका.

थंडरबर्ड आणि जीमेल

तपासणीचं फंक्शन अलग ठेवलं असेल तर थंडरबर्डचं ॲड-ऑन लवकर होतं. २०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीपासून तिथे फक्त मेलएक्स्टेन्शन चालतात, म्हणजे फायरफॉक्सच्या धर्तीवरचं जेसन मॅनिफेस्ट आणि एक पार्श्वभूमीचा कोड. कंपोज डॉट ऑनबिफोरसेंड हा इव्हेंट ऐकायचा, लिस्टअटॅचमेंट्सने फाइली बघायच्या, थांबवायचं असेल तर कॅन्सल खरं करून परत द्यायचं. इथे डॉम मिळतो, त्यामुळे जुना मजकूर एचटीएमएलमधल्या ब्लॉककोटवरून सरळ काढता येतो, लांबीची युक्ती लागत नाही. पण कोड लिहायच्या आधी थंडरबर्डच्या सेटिंग्जमधली विसरलेल्या जोडणीची तपासणी पाहा. तिच्यात शब्दांची यादी आपली आपण वाढवता येते, आणि कित्येकांना तेवढंच पुरतं.

जीमेलचं ॲड-ऑन वेगळ्या घडणीचं आहे. गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहिलं तर पान आपलं नसतंच. गूगलने दिलेल्या कार्डांमधूनच मांडणी करायची, आणि प्रत्येक कॉलबॅकला ३० सेकंदांची मुदत. 'सेंड' दाबल्यावर मध्ये थांबवणारा इव्हेंट तिथे नाही, फार तर मेल लिहिताना उघडणारं "तपासा" असं कार्ड देता येतं, आणि ज्याला फाइल जोडायची आठवण नाही त्याला ते कार्ड उघडायचीही आठवण राहणार नाही. जीमेलवर हेच काम हवं असेल तर ब्राउझर एक्स्टेन्शनकडे वळावं लागतं, आणि तिथे गूगलने पानाची रचना बदलली की ते मोडेल हे गृहीत धरूनच देखभालीचा हिशेब मांडावा.